मार लागून झालेला मुलांचा मोतीबिंदू: पहिल्या तासापासून पट्टी सुटेपर्यंत

मोतीबिंदू म्हटलं की आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला मोतीबिंदू झालाय असं सांगितलं की आईवडील आधी चमकतात आणि मग विचारतात, "ऑपरेशन कधी?" लहान मुलांची नजर तपासणं, त्यांचे नंबर काढणं आणि पालकांना डोळ्यावर पट्टी लावायला शिकवणं हे माझं रोजचं काम. इतक्या वर्षांत "ऑपरेशननंतर आम्ही घरी काय करायचं?" हा प्रश्न आपणहून विचारणारे पालक मला फार कमी भेटले. म्हणून या लेखात ऑपरेशनइतकीच जागा मी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींना दिली आहे.

आत नेमकं काय होतं

बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. त्यात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि एक तृतीयांश प्रथिनं असतात. भोवती पातळ, ताणलं जाणारं आवरण असतं आणि बारीक धाग्यांनी ते भिंग जागेवर तोलून धरलेलं असतं. पेन्सिल, काडी, तार, कर्कटक असं टोकदार काही आत घुसलं आणि आवरण फाटलं, की डोळ्यातलं पाणी भिंगात शिरतं, आतला गर फुगतो आणि भिंग दुधासारखं पांढरं होतं. भोक मोठं असेल तर हे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दिसतं.

चेंडू, ठोसा, दगड अशा मुक्या माराचं गणित वेगळं. डोळा पुढून दाबला जातो तसा आडवा फुगतो, धागे ताणले जातात, कधी तुटतात. बाहेर जखम दिसत नाही. मोतीबिंदू आठवड्यांनी येतो, कधी वर्षांनीही. भिंगावर फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी उमटलेली असते, तर कधी बाहुलीच्या कडेचा रंग भिंगावर गोल शिक्क्यासारखा बसलेला सापडतो. "याला कधीच काही लागलेलं नाही" असं आई छातीठोकपणे सांगत असते आणि तो शिक्का वेगळंच सांगत असतो. मुलं मार लागलेला लपवतात. ओरडा बसेल म्हणून, किंवा ज्याने मारलं तो मित्र अडकेल म्हणून. तेव्हा पहिलं वाक्य "कुठे गेला होतास?" असं नको. "मी रागावणार नाही, काय लागलं तेवढं सांग" असं असू द्या. लाकूड की लोखंड, एवढ्या माहितीवरही पुढचे निर्णय बदलतात.

पायरी १: पहिला तास

डोळा चोळू देऊ नका, दाबू नका. काही रुतलेलं दिसत असेल तर ते उपसू नका. बऱ्याचदा त्या वस्तूनेच भोक बुजवून धरलेलं असतं. घरातले थेंब, मलम, मध, दूध, काहीही घालू नका. कापसाचा बोळा ठेवून घट्ट पट्टी बांधणं ही सगळ्यात नेहमीची चूक. फुटलेल्या डोळ्यावर दाब आला तर आतला ऐवज बाहेर येतो. त्याऐवजी कागदी कपाचा बूड कापून घ्या आणि त्याची कड कपाळाच्या व गालाच्या हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने बसवा. डोळ्याला कशाचाही स्पर्श होता कामा नये, एवढंच त्या कपाचं काम.

मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, कारण त्याच दिवशी भूल द्यावी लागू शकते. शेवटचं केव्हा आणि काय खाल्लं ते लिहून ठेवा. भूलतज्ज्ञांचा पहिला प्रश्न तोच असतो. दुखतंय म्हणून ॲस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. धनुर्वाताची लस केव्हा झाली तेही आठवून ठेवा.

या सगळ्याला एकच अपवाद आहे. डोळ्यात चुना, ॲसिड किंवा सफाईचं द्रावण गेलं असेल, तर आधी तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवायचा आणि मगच निघायचं.

पायरी २: तपासणी

डॉक्टर आधी मोतीबिंदूकडे बघतच नाहीत. डोळा फुटलाय का, आत काही राहिलंय का आणि नेत्रतंतू (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) व डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) शाबूत आहे का, हे तीन प्रश्न आधी सोडवायचे असतात.

डोळा फुटल्याची शंका असेल तर डोळ्यातलं प्रेशर मोजत नाहीत आणि रडणाऱ्या मुलाच्या पापण्या ओढून बघण्याचा हट्टही धरत नाहीत. भूल देऊन तपासणी आणि दुरुस्ती एकत्रच करतात. पालकांना हा वेळकाढूपणा वाटतो, पण रडून ओरडून डोळ्यावर आलेला दाब त्या मुलाला महागात पडतो.

लोखंडाचा कण आत असू शकेल तर सीटी स्कॅन करतात. एमआरआय अजिबात नाही, कारण चुंबकाने तो कण हलतो. भिंग पांढरं झाल्याने मागचं काही दिसत नसेल तर सोनोग्राफीवर पडदा जागेवर आहे का ते पाहतात.

टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेऊन बाहुल्या बघण्याची साधी तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. जखमी डोळ्यावर प्रकाश टाकल्यावर बाहुल्या नीट आकुंचन पावत नसतील, तर नेत्रतंतूला किंवा पडद्याला मोठी इजा असू शकते. जखमी डोळ्याची बाहुली बिघडलेली असली तरी दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीवरून हे कळतं. मोतीबिंदू कितीही दाट असो, त्यामुळे ही खूण उमटत नाही. ती दिसली तर भिंग बदलूनही नजर किती येईल याबद्दल डॉक्टर हात राखून बोलतील, आणि त्यांनी तसंच बोलायला हवं.

नजरेचा अंदाज बांधायला ऑक्युलर ट्रॉमा स्कोअर नावाची गुणपद्धत आहे. सुरुवातीला ६/१२ (निरोगी नजरेला १२ मीटरवरून दिसणारी ओळ ६ मीटरवरून वाचता येणं) किंवा त्याहून चांगलं दिसत असेल तर १०० गुण, उजेडही कळत नसेल तर ६०. त्यातून डोळा फुटला असेल तर २३, आत संसर्ग असेल तर १७, पडदा सुटला असेल तर ११ आणि बाहुलीची ती खूण असेल तर १० वजा. गुण जितके जास्त तितकी आशा जास्त. अडचण अशी, की घाबरलेल्या तीन वर्षांच्या मुलाची सुरुवातीची नजरच धड मोजता येत नाही. लहानांच्या बाबतीत हा आकडा फार मनावर घेऊ नये.

पायरी ३: आधी जखम, मग मोतीबिंदू

बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, आरपार जखम असेल तर ती शक्यतो २४ तासांत शिवतात. उशीर होईल तसा आत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि भिंगाचं आवरण फाटलेलं असेल तर तो आणखी वाढतो. त्याच वेळी मोतीबिंदूही काढायचा का? भिंगाचा गर फुटून पुढच्या भागात तरंगत असेल, प्रेशर वाढवत असेल, तर बहुधा हो. नसेल तर जखम भरू देतात, सूज उतरू देतात आणि काही आठवड्यांनी मोतीबिंदू काढतात. तोवर बुबुळ थोडं स्वच्छ होतं आणि बसवायच्या कृत्रिम भिंगाचा (लेन्सचा) नंबर नीट मोजता येतो. जखम शिवताना लगेच कृत्रिम भिंग बसवणं बरेच सर्जन टाळतात, संसर्गाच्या भीतीने.

"दोनदा भूल कशाला, एकदाच सगळं करा ना" असं पालक विनवतात. त्यांची तगमग समजते, पण थांबणंच बहुतेक वेळा हिताचं असतं. मात्र किती थांबायचं हे वयावर ठरतं. सात-आठ वर्षांच्या आत मेंदू अजून बघायला शिकत असतो. एका डोळ्यातून धूसर चित्र येत राहिलं तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. दोन वर्षांच्या मुलात काही आठवडेही जड जातात, तर बारा वर्षांच्या मुलात तेवढी घाई नसते. लहान मुलाच्या बाबतीत "सुट्टी लागली की करू" हा बेत मात्र सोडून द्या.

मुक्या मारात डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साठलेलं असेल तर आधी ते निवळू देतात. उशी उंच, डोळ्यावर कडक कवच, पळापळ बंद. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती जास्त असते, म्हणून नेमकं मूल खुशाल खेळायला लागतं त्याच दिवसांत त्याला आवरावं लागतं.

पायरी ४: ऑपरेशन लागेलच का?

नेहमीच नाही. डाग कडेला असेल, लहान असेल, वाढत नसेल, तर चष्मा देऊन नजर ठेवता येते. डाग मध्यभागी ३ मिलीमीटर किंवा त्याहून मोठा असेल, नजर ६/१८च्या खाली गेली असेल किंवा डॉक्टरांना आतला पडदाच दिसत नसेल, तर सहसा ऑपरेशनकडे जातात. मुलाला स्वतःचं भिंग असणं ही मोठी गोष्ट आहे. लांबून जवळ बघताना ते आपोआप फोकस बदलतं. कृत्रिम भिंगाला ते जमत नाही. त्यामुळे "अजून थांबू" म्हणणारे डॉक्टर टाळाटाळ करताहेत असं समजू नका. पुढची तपासणी केव्हा, तेवढं पक्कं करून घ्या.

पायरी ५: ऑपरेशनच्या टेबलावर

पूर्ण भूल लागते. मुलांचं भिंग मऊ असतं, त्यामुळे मोठ्यांसारखं अल्ट्रासाउंडने फोडावं लागत नाही, नुसतं शोषून निघतं. अवघड असतं ते आवरण. मुलांचं आवरण रबरासारखं ताणतं आणि गोल छिद्र करायला जावं तर फाटत कडेला पळतं. त्यात भिंग पांढरं असलं की काहीच दिसत नाही, म्हणून निळ्या रंगाने आवरण रंगवून घेतात.

मोतीबिंदू काढल्यावर मुलांच्या भिंगाच्या मागच्या आवरणावर पेशी पुन्हा वाढतात आणि धूसर थर धरतो. लहान वयात हे जवळजवळ ठरलेलंच. म्हणून साधारण पाच-सहा वर्षांखालच्या मुलात मागच्या आवरणालाही छिद्र करतात आणि त्यामागची थोडी जेली काढतात. मोठं मूल यंत्रासमोर हनुवटी टेकून स्थिर बसू शकत असेल तर आवरण तसंच ठेवतात आणि पुढे धूसर झालं तर लेसरने उघडतात.

मार लागलेल्या डोळ्यात ऐन वेळी बेत बदलू शकतो. आवरण शाबूत असेल तर कृत्रिम भिंग आवरणाच्या त्याच पिशवीत बसवतात. काही धागे तुटले असतील तर पिशवी ताठ ठेवायला आत एक रिंग घालतात. पिशवी फाटली असेल तर तिच्या पुढच्या खाचेत तीन तुकड्यांचं भिंग ठेवतात. एका तुकड्याचं मऊ भिंग तिथे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या पाठीला घासतं. काहीच आधार नसेल तर त्या दिवशी भिंग न बसवता बाहेर येणं हाच शहाणपणा, मग कॉन्टॅक्ट लेन्स किंवा पुढे दुसरं ऑपरेशन. सही करण्याआधी हे सगळे पर्याय डॉक्टरांकडून समजून घ्या. नाहीतर "लेन्स बसवलीच नाही" हे ऐकून धक्का बसतो.

कृत्रिम भिंगाची कल्पनाही डोळ्याच्या जखमांतूनच आली. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या ॲक्रिलिकचे तुकडे घुसले आणि डोळ्याने ते सोसले. हे हेरून हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिलं भिंग बसवलं.

लेन्सचा नंबर मुद्दाम चुकवतात, तो का

जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिलीमीटर असते, मोठेपणी २३ ते २४. डोळा लांबला की नंबर मायनसकडे सरकतो. म्हणून लहान मुलात मुद्दाम थोडा प्लस नंबर उरवतात. एक ढोबळ आडाखा असा, की मुलाचं वय आणि उरवलेला नंबर यांची बेरीज सात व्हावी. दोन वर्षांच्या मुलाला +५, पाच वर्षांच्याला +२. पण मारात एकाच डोळ्याला इजा झालेली असते आणि दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक राहिला तर आळस वाढतो, म्हणून काही सर्जन शून्याच्या जवळ जाणं पसंत करतात. बुबुळावर व्रण असल्याने माप घेता येत नसेल तर चांगल्या डोळ्याचं माप वापरतात. तेव्हा ऑपरेशननंतर चष्मा लागला म्हणजे ऑपरेशन बिघडलं, असं समजू नका.

पायरी ६: थेंबांचे आठवडे

मुलांच्या डोळ्यात मोठ्यांपेक्षा सूज जास्त येते, मार लागलेल्या डोळ्यात तर आणखी. स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला दर तासा-दोन तासांनी आणि मग सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद करतात. सोबत प्रतिजैविक आणि बाहुली मोठी ठेवणारं औषध. लाली जाऊन डोळा पांढरा दिसायला लागला म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करू नका. सूज उलटून येते. मनाने चालूही ठेवू नका. काही मुलांचं प्रेशर त्याने वाढतं आणि ते मोजावं लागतं.

रडणाऱ्या मुलाच्या डोळ्यात थेंब घालायची युक्ती: त्याला उताणं झोपवा, डोळे मिटूनच राहू दे. नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब ठेवा आणि म्हणा, "आता उघड." थेंब आपोआप आत जातो. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. झोपताना प्लॅस्टिकचं कवच लावा. पोहणं आणि अंगावर पडणारे खेळ डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

दुखणं वाढलं, लाली वाढली, पापणी सुजली, उलट्या झाल्या, पू आला, नजर एकदम कमी झाली किंवा बाहुलीमागे पांढरा थर दिसला, तर सकाळची वाट बघू नका.

आणखी एका खुणेवर लक्ष ठेवायचं, ती चांगल्या डोळ्यातली. डोळा फुटल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी-वर्षांनी, शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित दुसऱ्या डोळ्यावरही उलटते. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, वडिलांच्या कारखान्यात त्याच्या एका डोळ्यात हत्यार घुसलं. पाठोपाठ दुसराही डोळा गेला आणि पाच वर्षांचा होईतो तो पूर्ण आंधळा झाला. आज यावर औषधं आहेत, पण ती वेळेवर सुरू व्हायला हवीत. चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी दाखवा.

पायरी ७: चष्मा

ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच चष्मा द्यावा लागतो. कृत्रिम भिंग फोकस बदलत नाही, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलाला लांबचा आणि जवळचा असे दोन नंबर एका काचेत लागतात. अगदी लहान बाळाचं सगळं जग हाताच्या अंतरावर असतं. त्याला जवळचाच नंबर देतात. काच पॉलिकार्बोनेटचीच घ्या, सहजी फुटत नाही.

बुबुळावरचे टाके नंबर वेडावाकडा करतात. मुलांची जखम लवकर भरते, त्यामुळे टाके बऱ्याचदा चार ते सहा आठवड्यांत काढतात. सैल झालेला टाका तर त्याआधीच, कारण त्यावर जंतू जमतात. टाके निघाले की नंबर पुन्हा बदलतो. "परवाच तर चष्मा केला" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. व्रणामुळे बुबुळ खडबडीत राहिलं असेल तर चष्म्याने भागत नाही, कडक कॉन्टॅक्ट लेन्सने चित्र सुधारतं.

पायरी ८: पट्टी

पट्टी लावायची ती चांगल्या डोळ्याला. हे मी दोनदा सांगते आणि पालकांकडून एकदा वदवून घेते, कारण "आजारी डोळ्याला आराम" म्हणून ऑपरेशन झालेला डोळाच महिनाभर झाकून ठेवलेला मी पाहिला आहे.

पट्टी कातडीला चिकटणारी हवी, तिच्यावर चष्मा. नुसतं चष्म्याच्या काचेवर कापड लावलं तर मूल चष्म्यावरून बघतं. चिकटणाऱ्या पट्टीतूनही मुलं नाकाच्या बाजूची कड उचलून बघतात. मी पालकांना एक युक्ती सांगते: पट्टी लावल्यावर तिच्या कडेवरून गालापर्यंत पेनाने एक बारीक रेघ मारा. तासाभराने रेघ जुळत नसेल तर पट्टी निघून परत बसलेली आहे.

किती तास? २००३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मध्यम आळशी डोळ्याला रोज दोन तास आणि सहा तास पट्टीचा चार महिन्यांनी सारखाच फायदा दिसला. पण ती मुलं तिरळेपणामुळे किंवा नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेली होती. दाट मोतीबिंदूनंतर डॉक्टर अनेकदा जास्त तास देतात. शेजारच्या मुलाचे तास आपल्या मुलाला लावू नका. फार लहान बाळात जास्त झाकल्याने चांगला डोळाही मागे पडू शकतो, म्हणून ठरलेल्या तारखेला तपासणी चुकवायची नाही.

पहिले दहा दिवस वाईट जातात. चांगला डोळा झाकला की मुलाला खरोखरच कमी दिसतं, ते चिडतं, पट्टी ओरबाडतं. सुरुवात वीस मिनिटांपासून करा आणि त्या वेळात त्याच्या आवडीचं, बारकाईने बघायचं काम द्या: मणी ओवणं, ठिपके जोडणं, चित्र रंगवणं, हवं तर मोबाइलवरचा खेळ. मोबाइलला मी एरवी विरोध करते, इथे करत नाही. पट्टी लावून झोपलेलं मूल हिशेबात धरू नका. भिंतीवर कागद लावा आणि रोजचे तास मुलालाच लिहू द्या. मला तो कागद दाखवायला आणणाऱ्या मुलांची नजर तक्त्यावर एकेक ओळ खाली उतरताना दिसते.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला मार लागला असेल तर नजर आधीच तयार झालेली असते, पट्टीची गरज कमी. तिथे बुबुळावरचा व्रण आणि मागचा पडदा किती वाचला यावर सगळं ठरतं. पट्टीला उशीर झालाय म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र प्रयत्न न करता सोडू नये. सुधारणा कमी असेल, पण होते.

पुढची वर्षं

मुक्या माराने डोळ्यातलं पाणी वाहून नेणारा कोपरा फाटलेला असेल तर प्रेशर दहा-वीस वर्षांनीही वाढू शकतं, आणि ते दुखत नाही. म्हणून वर्षातून एकदा प्रेशर आणि बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, कायमची. मधेच काळे ठिपके तरंगताना दिसले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखा वाटला, तर लगेच. डोळा बाहेरच्या बाजूला वळायला लागला तर तिरळेपणाचं वेगळं ऑपरेशन लागू शकतं, पण आधी नजर मिळवायची, मग डोळा सरळ करायचा.

जखमी डोळ्याची नजर कमीच राहिली तर चांगल्या डोळ्याला नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा खेळताना आणि एरवीही घालायला लावा. फाइलमध्ये बसवलेल्या भिंगाचं स्टिकर असतं, त्यावर नंबर आणि प्रकार छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, मूल मोठं झालं की त्याच्या फोनमध्ये टाका. पंचविसाव्या वर्षी नव्या डॉक्टरांसमोर बसेल तेव्हा "लहानपणी काहीतरी लागलं होतं" एवढंच त्याला आठवत असेल.